दोघांच्या ‘हो’नंतर

मित्रांनो, मी एक जुना खोडरबर आहे. कधीकाळी माझे चारही कोपरे शाबूत होते. आता मी वालाच्या दाण्याएवढा उरलो आहे आणि खरं सांगायचं तर दमलो आहे. खोडरबराचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत. तो किती झिजला यावर ते ठरतं.

कारखान्यात मला साच्यातून कापलं, कागदात गुंडाळलं आणि दुकानाच्या काचेमागे ठेवलं. तिथून काकूंनी मला उचललं. काकू दवाखान्यात रक्त तपासायच्या, आणि काकांचं किल्ल्या बनवण्याचं छोटं दुकान होतं. दर रविवारी वर्तमानपत्रात शब्दकोडं यायचं आणि दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते सोडवायला बसायची. आडवे शब्द काकांचे, उभे काकूंचे. एक नियम मात्र कडक होता. दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय लिहिलेलं काही खोडायचं नाही.

“खोडू?” काका विचारायचे.

“आधी मला पटवा.”

“अगं, चाळीस वर्षं तेच करतोय!”

त्या दिवसांत मला मान होता. “हा रबर कागद फाडत नाही हं,” असं काकू लेकीला कौतुकानं सांगायच्या.

मग काका आजारी पडले. हातपाय वाचले, शब्द गेले. चहाचा कप समोर असायचा, पण ‘कप’ ओठांवर यायचा नाही. बोलण्याचे उपचार करणाऱ्या ताई आठवड्यातून दोनदा येऊ लागल्या. रविवारी काका कोड्यासमोर बसून राहायचे आणि आडव्या ओळी कोऱ्याच राहायच्या. काकूंना ते बघवेना.

तेव्हापासून माझं काम दुप्पट झालं. काका उठण्याआधी काकू त्यांचे शब्द शोधायच्या, पेन्सिल जोरात दाबून लिहायच्या आणि माझ्याकडून लगेच पुसून घ्यायच्या. मित्रांनो, मी पेन्सिलीची काळी भुकटी उचलू शकतो, दाब उचलू शकत नाही. कागदावर अक्षरांचे खळगे राहायचे.

“अहो, चौकोनांवर बोट फिरवा. सुचेल,” काकू म्हणायच्या.

काका बोट फिरवायचे आणि लिहायचे. कोडं भरायचं. लेक टाळ्या वाजवायची. “बाबा, तुम्ही तर आमच्या पुढे गेलात!” काका हसायचे नाहीत. मी मात्र पहाटेपासून घासून घासून गळून गेलेला असायचो.

एका शनिवारी ताईंनी ती भरलेली कोडी चाळली. “अरे वा! एवढे शब्द सापडताहेत? मग पुढच्या महिन्यापासून मी महिन्यातून एकदाच येते.”

काकूंनी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगावं, तर ताईंसमोर काकांची फजिती. न सांगावं, तर उपचार जवळजवळ बंद. त्यांनी ताईंना दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशीच्या कोड्याचा विषय होता ‘लपलेले अवयव’. प्रत्येक आडव्या उत्तराच्या सुरुवातीला शरीराचा एखादा भाग हवा. ‘पोट आहे, भूक नाही, जुनं सामान सांभाळतो’ म्हणजे पोटमाळा. तो काकूंना जमला. पुढचं सूत्र होतं, ‘ऐकायचं सोडून लोखंड घासत बसते, तीन अक्षरं.’ काकूंना रात्रभर झोप नव्हती. विषय विसरून त्यांनी ‘घासणी’ लिहिलं. मीही इतका थकलो होतो की ते नीट पुसलं गेलं नाही.

काका बसले. त्यांचं बोट त्या चौकोनांवर थांबलं. त्यांनी मान हलवली.

“लिहा ना, अहो.”

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. दोन्ही हातांनी हवेत काहीतरी धरलं आणि मागे-पुढे, मागे-पुढे घासू लागले. दुकानात हजारो किल्ल्या त्यांनी याच हालचालीनं घडवल्या होत्या.

“का...” ते म्हणाले. “का... न... कानस.”

काकू सूत्राकडे बघत राहिल्या. कान. कानस. काकांनी मला चिमटीत उचललं, त्या पुसट ‘घासणी’वर टेकवलं आणि आजारपणानंतर प्रथमच विचारलं, “खो... डू?”

त्यांना सगळं कधीपासून ठाऊक होतं, हे मला माहीत नाही.

“हो,” काकू म्हणाल्या. “हो, खोडा. माझंच चुकलं.”

“को... रं,” काका कोड्यावर बोट ठेवून म्हणाले. “कोरं दे.”

त्याच सकाळी काकूंनी ताईंना फोन केला. “ती कोडी माझी होती. यांचा स्वतःचा शब्द एकच, आजचा. तुम्ही पहिल्यासारख्याच या.”

मित्रांनो, मदत करताना माझी आठवण ठेवा. समोरच्याचा शब्द त्याच्या आधी लिहू नका. थांबा. थांबणंही दमवतं, हे मी दर रविवारी टेबलावर पडून बघतो.

आता रविवारी दुपार झाली तरी कितीतरी चौकोन कोरे असतात. काकू हनुवटी हातावर टेकवून समोर बसतात. मी बाजूला पडून असतो. कुणीतरी “खोडू?” विचारेपर्यंत मला काहीच काम नसतं.