तारेची जाळी

“सर, एवढं एक पान पाहता का?”

विश्वनाथने अंक उघडून डॉ. देवतळ्यांसमोर धरला आणि चित्रावर बोट ठेवले. सकाळीच विदेशी डाक आली होती. मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात आलेली पाकिटे फोडायची, अंकांवर शिक्के मारायचे आणि ते रॅकवर लावायचे, हे त्याचे एकोणीस वर्षांचे काम. आजचा हा एक अंक मात्र रॅकवर न लावता तो जिना उतरून सरळ हृदयरोगाच्या वॉर्डात आला होता.

डॉक्टरांनी चित्र पाहिले. बारीक तारांची विणलेली एक पोकळ नळी, आणि मापासाठी शेजारी ठेवलेली आगपेटीची काडी.

“हे कशाबद्दल आहे ते तुम्हाला कसं कळलं?”

“कोरोनरी वाचता येते सर. अन् हा लंबा शब्द.” त्याचे बोट रिस्टेनोसिसवर थांबले. “हा शामलाच्या कागदावर हाये.”

डॉ. देवतळ्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा,” ते म्हणाले. विश्वनाथ बसला नाही. या खोलीत तो कधी बसला नव्हता.

शामला त्याची बायको. नागपूरच्या इंदोरा वस्तीत, घराजवळच्या बालवाडीत ती शिकवायची. मागच्या पावसाळ्यानंतर मुलांना गाणे म्हणून दाखवताना मध्येच तिचा श्वास तुटू लागला. डाव्या जबड्यात कळ यायची म्हणून तिने आधी दातच काढून घेतला. छातीचे दुखणे बाईमाणसाला एवढ्या लवकर होते, हे पहिल्या दोन डॉक्टरांना पटले नाही. तिसरे देवतळे. त्यांनी तिला चालायला लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली आणि मुंबईला चिठ्ठी दिली.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जांघेतून एक लांब नळी घालून हृदयाच्या रक्तवाहिनीत इवलासा फुगा फुगवला गेला. तिथल्या डॉक्टरांनी विश्वनाथला आधीची आणि नंतरची अशी दोन चित्रे दाखवली. आधी सुतळीएवढी दिसणारी काळी रेघ नंतर छान भरली होती. परत येताना नागपूर स्टेशनचा पूल शामला एका दमात चढली आणि वर उभी राहून म्हणाली, “अजी, या ना लवकर! मी थांबली का कुठं?” विश्वनाथच दोन्ही पिशव्या घेऊन खाली धापा टाकत होता.

साडेतीन महिने तसेच गेले. मग एका दुपारी ती बालवाडीतून लवकर घरी आली आणि भिंतीला पाठ लावून बसली. त्याने काही विचारायच्या आतच म्हणाली, “तेच हाये. तिथंच हाये.”

मुंबईने पुन्हा चित्र काढले. ज्या जागी फुगा फुगवला होता त्याच जागी नळी पुन्हा आवळली होती. कागदावर त्याला रिस्टेनोसिस लिहिले होते. ऑपरेशन करावे तर पुढची नळी फार बारीक, टाका धरणार नाही. पुन्हा फुगा करता येईल, पण तो किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असे त्यांनी लिहून दिले.

आणि आता हे चित्र.

“फुगा काढला की भिंत परत आत येते,” देवतळे सांगू लागले. “त्यात फुग्यानं आतून जखम होते. ती भरताना मांस वाढतं. म्हणून हे लोक आत ही जाळी ठेवून देताहेत. भिंतीला टेका. स्टेंट म्हणतात.”

“म्हणजे मंग नळी बंद होत नाई.”

“या जागी पुन्हा मिटली नाही, असं बऱ्याच जणांच्या बाबतीत लिहिलंय. पण विश्वनाथ, पुढचंही वाचा. काहींच्या जाळीतच रक्त गोठलं. आठ दिवसांत नळी पार बंद. एकदोघं गेले.”

विश्वनाथने पान स्वतःकडे वळवले, जणू हे वाचायचे त्याच्याकडून राहिले होते.

“तारा जास्त हायेत म्हणून गोठते का सर?”

“असू शकतं. धातू जितका जास्त तितकी भीती.”

“मंग कमी कराव्या तारा.”

“फटी मोठ्या झाल्या की त्यातून मांस आत येतं.”

“बारीक तार घेतली तं?”

“भिंत तिला दाबून टाकते.”

“अन् कडक घेतली तं?”

“मग ती वळणातून पुढे सरकत नाही. आपल्या नळ्या काय सरळ आहेत थोड्याच?” डॉक्टरांनी अंक मिटला नाही, नुसता हात त्यावर ठेवला. “हे सगळं अजून त्यांनाच ठरवायचंय. तार किती जाड, वीण कशी, कोणता धातू. त्याला वर्षं लागतील. आपल्या देशात ही जाळी मी तरी अजून पाहिलेली नाही.”

“वर्षं,” विश्वनाथ म्हणाला.

“हो.”

तो अंक घेऊन वर आला. रॅकवर लावला. पुढच्या तासाभरात तीन वेळा जाऊन पाहून आला. कोणीही तो उचलला नव्हता.

विश्वनाथच्या बापाने दगडाच्या खाणीत आयुष्य काढले होते. छप्पन साली दीक्षा घेऊन घरी परतताना त्याने चौदा वर्षांच्या विश्वनाथला एवढेच सांगितले होते की, “आता तुले वाचाले कोणी अडवत नाई. वाच.” तो मॅट्रिकपर्यंत वाचत गेला आणि पुढेही पुस्तकांच्याच घरात नोकरीला लागला. इंग्रजी शब्द त्याला ओळखीच्या माणसांसारखे दिसत. सगळ्यांशी बोलणे होत नसे, पण चेहरे पाठ होते. लिहिलेले असले की ते कुठेतरी मिळतेच, एवढ्या एका गोष्टीवर त्याचा पक्का विश्वास होता. प्राध्यापकांना हवा असलेला कोणताही जुना अंक तो दिल्लीहून, मद्रासहून मागवून देई.

ग्रंथालयात छापील पोस्टकार्डे असत. परदेशी लेखकाला पाठवली की तो आपल्या लेखाची सुटी प्रत धाडून देई. विश्वनाथने तसले एक कार्ड टाइपरायटरवर चढवले. मागणारे म्हणून डॉ. देवतळ्यांचे नाव टाइप केले, लेखाचे नाव टाइप केले आणि खाली उरलेल्या दोन बोटे जागेत स्वतःच्या इंग्रजीत लिहिले की माझी पत्नी शामला त्रेचाळीस वर्षांची आहे, तिची नळी फुग्यानंतर पुन्हा मिटली आहे, ही जाळी तिला मिळू शकेल काय, कृपया कळवावे.

ग्रंथपाल यमुताईंच्या सहीशिवाय विदेशी डाक जात नसे. त्यांनी कार्ड वाचले. पुन्हा एकदा वाचले. विश्वनाथ टेबलासमोर उभा होता.

“हे नियमात नाही बसत,” त्या म्हणाल्या.

“माहीत हाये ताई.”

यमुताईंनी पेन काढले, एका शब्दात राहिलेले अक्षर वर लिहिले आणि सही केली.

उत्तर दहा आठवड्यांनी आले. जाड पाकिटात लेखाची गुळगुळीत प्रत होती, आणि तिला टाचलेली एक हाताने लिहिलेली चिठ्ठी. अक्षर तिरके होते. विश्वनाथने ती दोनदा डॉ. देवतळ्यांकडून वाचून घेतली आणि संध्याकाळी घरी शामलाला मराठीत सांगितली.

“ते लिहितात का, आम्ही ही जाळी अजून बाहेर कोणाले देत नाही. आमच्यापाशी मोजक्याच हायेत अन् तिचे धोके आम्हालेच अजून पुरते समजले नाहीत. तुमच्या पत्नीले आज ही बसवा असं मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. मले फार वाईट वाटते. श्रीमती शामला यांना माझा नमस्कार कळवा.”

शामला मेथी निवडत होती. “माझं नाव लिहिलं त्यानं?”

“लिहिलं.”

“दाखवा.”

त्याने चिठ्ठीत तिच्या नावावर बोट ठेवले. तिने इंग्रजी अक्षरे एकेक करून पाहिली. “बरोबर लिहिलं जी त्यानं,” ती म्हणाली. “आमच्या बालवाडीच्या हजेरीत अजून श्यामला लिहितेत.” मग थोड्या वेळाने, मेथीकडे पाहतच, “तुम्ही एवढं तोंड नका पाडू. त्या डॉक्टरचंही काही चालून नाही राहिलं, तुमचं कुठून चालन?”

विश्वनाथ उठून मागच्या दारी गेला आणि हातपाय धूत बराच वेळ तिथेच राहिला.

दुसऱ्यांदा फुगा केला तो सात आठवडे टिकला. तिसऱ्यांदा जायचे नाही, असे शामलानेच ठरवले. “किती वेळा उघडतील अन् किती वेळा मिटन ते,” ती म्हणाली. “मले मुलांपाशी बसू द्या.” बालवाडीत ती खुर्चीवर बसून शिकवू लागली. गाणी मुलेच म्हणत, ती ताल धरी.

त्यानंतर ती अकरा महिने होती. माघातल्या एका सकाळी चहा गाळता गाळता ती गेली. तोवर परदेशी अंकांमध्ये जाळ्यांची आणखी दोन चित्रे आली होती, वेगळ्या विणीची. विश्वनाथने ती कोणालाही दाखवली नाहीत. काही वर्षांनी ती जाळी नागपुरातही बसू लागली, तेव्हा डॉ. देवतळ्यांनी त्याला मुद्दाम बोलावून सांगितले. “चांगलं झालं सर,” तो म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले होते.

त्या अकरा महिन्यांबद्दल तो फारसे बोलत नसे. एक गोष्ट मात्र त्याने यमुताईंना सांगितली होती.

दर गुरुवारी संध्याकाळी तो शामलाला धरमपेठेत देवतळ्यांच्या दवाखान्यात तपासायला नेई. बस चौकात सोडायची. तिथून दवाखाना पाच मिनिटांचा, पण शामलाला वाटेत थांबावेच लागे. रस्त्यात छातीला हात लावून उभे राहायची तिला लाज वाटे. म्हणून ती एका भांड्यांच्या दुकानाच्या काचेसमोर उभी राही, आतली पातेली पाहत असल्यासारखी. जिभेखाली गोळी धरून. “माझ्याकडं पाहू नका,” तिने त्याला बजावले होते. “लोकाईले समजते.” मग तोही काचेतून पातेली पाही. तिची कळ कुठवर आली आहे ते त्याला काचेतल्या तिच्या प्रतिबिंबावरून कळे. दोन मिनिटे, कधी पाच. करण्यासारखे त्याच्याजवळ दुसरे काही नव्हते.

असे पाचसहा गुरुवार गेले. त्या दिवशी ते पोहोचले तर काचेजवळ, बाहेरच्या पायरीवर, एक स्टूल ठेवलेले होते. दुकानदार शालिकराम दारात उभा होता. स्टुलावरची धूळ त्याने फडक्याने झटकली आणि दुसरीकडे पाहू लागला.

शामलाचा चेहरा उतरला. एवढे दिवस आपण लपवले असे तिला वाटत होते. ती तशीच पुढे जाईल असे विश्वनाथला वाटले, आणि पुढे जाण्याइतका श्वास तिच्यात नाही हेही त्याला दिसत होते.

तिने पदर सावरला. स्टुलावर ताठ बसली. गोळी विरघळू दिली. मग काचेकडे बोट करून म्हणाली, “भाऊ, ते मधलं पातेलं दाखवा बरं.”

शालिकरामने लगबगीने पातेले आणून तिच्या हातात दिले. शामलाने ते उजेडात फिरवून पाहिले, बोटाच्या टिचकीने वाजवले, आतून हात फिरवला. तिच्या कपाळावरचा घाम अजून वाळला नव्हता.

“बूड पातळ हाये,” ती म्हणाली.

“नाही ताई, चांगलं जाड आहे.”

“पातळ हाये. दूध लागन याच्यात.” तिने पातेले परत केले आणि विश्वनाथच्या हाताला न धरता उठली. “पुढच्या गुरुवारी जाडवालं काढून ठेवा. चला जी.”

“ठेवतो ताई,” शालिकराम म्हणाला, आणि पातेले छातीशी धरून ते दोघे कोपरा वळेपर्यंत पायरीवर उभा राहिला.