बाबांची नाडी वाढत नव्हती

सोमवारी सकाळी प्रमाणपत्र समोर नसेल, तर प्रशिक्षकाची जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असे जिमच्या मालकाने थोरलीला स्पष्ट बजावले होते. दोन वर्षे तिने त्या जिमचा स्वागतकक्ष सांभाळला होता. ही जागा गेली, तर पुन्हा टेबलामागे बसून लोकांना लॉकरच्या चाव्या देत राहायचे, हे तिला पक्के ठाऊक होते.

अभ्यासक्रम दोन होते. एक संपूर्ण ऑनलाइन. शेवटचे प्रात्यक्षिक रविवारी संध्याकाळपर्यंत नोंदवले, की प्रमाणपत्र लगेच मिळणार. दुसरा चार महिन्यांचा, आणि त्याची परीक्षा समोरासमोर. त्या संस्थेतल्या बाईंनी फोनवर फीचा विषय निघण्याआधीच विचारले होते, "सराव कोणावर करणार? त्यांना औषधं कोणती चालू आहेत?" थोरलीला त्याचा रागच आला होता. प्रवेश घ्यायचा पत्ता नाही, आणि ही चौकशी!

म्हणून ऑनलाइन प्रात्यक्षिकासाठी रविवारी दुपारी बाबा दिवाणखान्यात लाकडी ठोकळ्यावर चढत-उतरत होते. ठोकळा त्यांनी स्वतःच रंधून, कोपरे गोल करून आणला होता. आयुष्य कारखान्यात लेथवर गेलेला माणूस. मुलीच्या परीक्षेचे हत्यार ओबडधोबड कसे चालेल?

"आमच्या फोरमनने एवढं दमवलं असतं, तर युनियनने संप केला असता," बाबा म्हणाले.

"बाबा, लय सोडू नका."

"लय काय सोडू नका! तुझ्या आईच्या मागे तीस वर्षं लयीतच चालतोय."

"मी ऐकतेय हं," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

मनगटावरच्या पट्ट्याचा आकडा मोबाइलवर उमटत होता. वयाच्या हिशेबाने नाडी एकशे सव्वीसवर पोहोचायला हवी होती. ती अठ्ठ्याण्णवच्या पुढे सरकेना. पडद्यावर सूचना आली : वेग वाढवा.

"थोडं जोरात, बाबा."

बाबांनी वेग वाढवला. नाडी शंभर. पुन्हा तीच सूचना. लक्ष्य गाठल्याशिवाय प्रात्यक्षिक ग्राह्य धरले जाणार नव्हते.

"आणखी थोडं. झालंच."

ठोकळ्यावर पावले आपटत होती. आकडा हलत नव्हता. थोरलीची नजर पडद्याला खिळली होती. सोमवार, जागा, मालकाचा चेहरा, सारे त्या एका आकड्याला टांगलेले होते. पडद्याने तिसऱ्यांदा वेग मागितला, तेव्हा काहीतरी चुकल्याचे तिला जाणवले. खोलीत फक्त पावलांचा आवाज होता. बाबा बोलत नव्हते.

दाताच्या डॉक्टरकडेही तोंडाचा पट्टा चालू ठेवणारा माणूस बोलत नव्हता.

तिने वर पाहिले. ओठ फिकट पडले होते, मानेवर घाम निथळत होता.

"थांबा! बाबा, थांबा!"

तिने त्यांच्या काखेत हात घालून त्यांना खुर्चीत बसवले. "छातीत दुखतंय?"

त्यांनी मान हलवली. नाही. शब्द मात्र फुटेना. आई धावत आली, तिने एका हाताने खिडकी उघडली आणि दुसऱ्या हाताने डॉक्टरांना फोन लावला. थोरलीने नाडीचा आकडा सांगताच डॉक्टरांचा आवाज स्पीकरवर घुमला : "त्यांची रक्तदाबाची गोळी नाडीला वर चढूच देत नाही. आकड्यावर काय विसंबता? पडून राहू द्या, मी निघालोच."

ती गोळी दर महिन्याला थोरलीच आणत असे. पण ऑनलाइन अभ्यासक्रमाने गोळीबद्दल एकदाही विचारले नव्हते, आणि ज्यांनी विचारले त्यांच्यावर ती चिडली होती.

डॉक्टर तपासून गेले. धोका नव्हता, बाबांनी आठवडाभर विश्रांती घ्यायची होती. मोबाइलवर अजून लुकलुकत होते : प्रात्यक्षिक अपूर्ण, पुन्हा सुरू करा.

"एवढ्याशासाठी अडू नको," बाबा पलंगावरून क्षीण आवाजात म्हणाले. "पट्टा तुझ्या हाताला बांध, चार उड्या मार. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"मग तर संपलंच. तू आईवर गेलीस."

तिने मालकाला फोन केला. "सर, उद्या प्रमाणपत्र नसेल. चार महिने लागतील."

"मग जागा जाते बघ. टेबल तेवढं राहील."

तिने डोळे मिटून घेतले. "चालेल, सर."

सोमवारी टेबलामागून, नवी प्रशिक्षक मुलगी आरशासमोर उभी असतानाच, तिने दुसऱ्या संस्थेला फोन लावला. बाईंनी तोच प्रश्न विचारला : सराव कोणावर?

"बाबांवर," थोरली म्हणाली, "पण डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर. ते रक्तदाबाची गोळी घेतात, त्यामुळे नाडीवर भरवसा नाही. ते बोलतायत का, तेवढं मी बघेन."