बुधाजी परबांची बायको

वडील गेल्यावर रश्मी परब मसुऱ्याच्या घरात एकटीच उरली. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, मालवणच्या शाळेत क्लार्क. जमिनीची वारसनोंद करायला ती तलाठ्यांकडे गेली, तेव्हा सातबाऱ्यावर आणखी एक नाव निघालं. बुधाजी विठू परब, तिच्या आजोबांचे थोरले भाऊ.

"यांचे वारस कोण?" तलाठ्यांनी विचारलं.

"कोणी नाही. लढाईवरून आले आणि मरेपर्यंत शेतातल्या मांगरात, खोपटात, एकटेच राहिले, शेती करत. लग्नच केलं नव्हतं."

"तसं लेखी द्या. जुना कागद असेल तर जोडा."

माळ्यावरच्या पेटीत बुधाजींचा पलटणीतून सुटल्याचा दाखला सापडला. बेचाळीस साली सिंगापुरात कैद, सेहेचाळीस साली सेवामुक्त. खालची ओळ मात्र रश्मीने तीनदा वाचली. पत्नी: रुक्मिणी.

शेजारचे बाबलीकाका नव्वदीचे. त्यांना कानाशी ओरडून विचारावं लागलं.

"होती गो," ते म्हणाले. "तो लढायेत मेलो अशी खबर इली. दोन वर्सां वाट बघून तिच्या बापाशीन तिचो पाट लावन दिलो, दुसरा लगीन, तोंडवलीक. मगे हो जितो परत इलो."

रविवारी रश्मी तोंडवलीला गेली. रुक्मिणीची मुलगी सत्यवती तिथे माडांच्या बागेतल्या घरात राहायची, तीही एकटीच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. बुधाजींचं नाव ऐकून तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"जमिनीसाठी इलंस?"

"होय," रश्मी म्हणाली. "पण आता तेवढ्यासाठीच नाय."

सत्यवतीने तिला पडवीत बसवलं.

"माका धा वर्सां होती. ऐन लावणीत आमचो बैल मेलो. बापूस डोक्याक हात लावन बसलो. दुसऱ्या दिसा सकाळीच एक माणूस आपली जोडी घेवन दारात उभो. बापूस तेच्याकडे नुसतो बघीत रवलो, मगे तेका शेतात घेवन गेलो. दोन दिस तेना नांगरल्यान. रातचो हयच पडवीत निजलो. आमका पोरांका वाटला, गडी आसा."

"आणि तुमची आवस, रुक्मिणी?"

"ती भायर इलीच नाय. ताट वाढून माझ्या हातात दिल्यान. जेवन झाल्यार तो माका म्हणालो, आवशीक सांग, मीठ बरोबर आसा."

"तुमी सांगलात?"

"सांगलंय. ती चुलीकडे तोंड करून बसलेली." सत्यवतीने पडवीच्या कोपऱ्याकडे बघितलं. "मरताना माका सांगल्यान, तो कोण होतो तां."

"ते मगे परत कधी इले काय?"

"नाय. पुढल्या वर्सा आमी बैल घेतलो."

दुपारी सत्यवतीने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दोघी समोरासमोर बसून जेवल्या. निघताना रश्मीने तिचा फोन नंबर लिहून घेतला.

सोमवारी तलाठ्यांनी रश्मीचा अर्ज वाचला. "मॅडम, इथे पत्नी लिहिलीत तर तिचे कागद लागतील. प्रकरण लांबेल. कोणी विचारत नाही, तेवढी ओळ गाळा."

"लांबू दे," रश्मी म्हणाली. "बायको होती त्यांना."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने चहा केला. झालं ते सांगायला घरात कोणीच नव्हतं. मग तिने तोंडवलीला फोन लावला.