शालिकराम लिनक्स चालवतात

लिनक्स ही सर्वसामान्य माणसाची मुक्ती आहे, याबद्दल आता दुमत राहिलेलं नाही. निदान अमरावतीच्या राजापेठेतल्या पार्बती पुष्प भांडाराच्या मागच्या खोलीत तरी नव्हतं, कारण तिथे मत देणारा पियुष एकटाच होता. त्याचे वडील शालिकराम बाहेर शेवंतीवर पाणी मारत होते.

दुकानात एक म्हातारा कॉम्प्युटर होता. लग्नाच्या ऑर्डरी, हारांचे फोटो, बिलं, सगळं त्याच्या पोटात. तो रोज अडकायचा, आणि शालिकराम भर रस्त्यावर ऐकू जाईल अशी हाक मारायचे, "पियुष्याऽऽ!" पियुषला पुण्यात नोकरी लागली होती. जायला शालिकरामांची ना नव्हती, अट होती.

"महिनाभर मले तुले हाक माराची पाळी नाही आली, तं जाय बापा. आली, तं बस इथंच हार ओवत."

म्हणून पियुषनं कॉम्प्युटरवर लिनक्स ही न अडकणारी नवी सिस्टीम टाकली. जुनी सिस्टीम पुसायला मात्र शालिकराम तयार होईनात.

"राहू दे न एका कोपऱ्यात. तुले काय चावून राहिली का?"

पियुषनं ती राहू दिली आणि वडिलांना समजावलं, "बाबा, चालू केलं का एक यादी येते. तुमी कशालेच हात लावू नका. जरा थांबा, नवं आपोआप सुरू होते."

शालिकरामांनी मान हलवली. त्यांना जन्मात काही आपोआप मिळालेलं नव्हतं.

या घराचा फुलांच्या धंद्यातला एक नियम होता: वरचा माल नजरेसाठी, खालचा घरासाठी. टोपलीतली वरची फुलं ऊन खातात, खालची ओल्या गोणपाटावर ताजी राहतात. शालिकराम हा नियम पेपरच्या गठ्ठ्याला लावत, बिस्किटांच्या पुड्याला लावत, आणि लग्नाच्या पंगतीत पोळ्यांची चळत समोर आली की तिलाही लावत.

महिनाभर पियुष समोरच्या चहाच्या टपरीवर कान टवकारून बसला. हाक आली नाही. आत वाकून पाहावं, तर शालिकराम चष्मा नाकावर घेऊन बिल काढताना दिसत. पियुषची आई पार्बताबाई दिवसेंदिवस काळजीत पडत चालली.

"अवो, तुमाले तं खरंच जमून राहिलं," ती म्हणाली. "लेकरू जाईन न मंग."

"लई सोपं हाय," शालिकराम म्हणाले.

याच सुमारास अकोल्याला लिनक्सप्रेमी मंडळींची सभा होती. विषय होता, 'लिनक्स सामान्य माणसाला झेपेल काय?' पियुषनं पुरावा म्हणून वडील आणि कॉम्प्युटर दोन्ही एसटीत घातले. कॉम्प्युटर गोणपाटात गुंडाळून खिडकीशी बसला, वडील कडेला.

सभागृहात मोठा पडदा होता. पियुषनं वडिलांची ओळख करून दिली, "हे माझे बाबा. फुलांचं दुकान. महिनाभरात यांनी मला एकदाही हाक मारलेली नाही." टाळ्या झाल्या. शालिकरामांनी बटण दाबलं. पडद्यावर यादी आली. वरच्या ओळीत लिनक्स लिहिलेलं होतं.

शालिकरामांनी खालच्या बाणाचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. यादीच्या तळाला पोचल्यावर एंटर मारला. पडद्यावर जुनी सिस्टीम उघडली.

पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक उठून म्हणाले, "काका, हे तर लिनक्स नाही."

"असं कसं? मी रोज हेच चालवतो."

"बाबा," पियुष हळूच म्हणाला, "नवं तं वर हाय."

"वर हाय तं वरच राहू दे. वरचं दाखवाले मांडलेलं असते. मले काय आज टोपली भराले शिकवून राहिला का बे?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. एका गटाचं म्हणणं, यावरून लिनक्स सोपं आहे हे सिद्ध होत नाही. दुसऱ्याचं म्हणणं, अवघड आहे हेही होत नाही. आभार मानणाऱ्यांनी दोन्ही गटांचे आभार मानले आणि शालिकरामांना पुष्पगुच्छ दिला. शालिकरामांनी त्यातली वरची फुलं बाजूला सारून खाली पाहिलं.

परतीच्या एसटीत मूर्तिजापूर मागे पडल्यावर पियुषनं तोंड उघडलं.

"जुनंच चालवलं, मंग अडकत नव्हतं का?"

"अडके न. रोज अडके."

"मंग काय करत होते?"

"प्लग काढो. चहा पेवो. प्लग लावो."

"मले हाक काहून नाही मारली?"

शालिकरामांनी कॉम्प्युटरवरचं गोणपाट नीट केलं.

"हाक मारली असती, तं तुले जाता आलं असतं का? बोलून बसलो होतो न मी."

त्यानंतर अमरावती येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर पाहत राहिले. मध्ये कॉम्प्युटर असल्यानं शालिकरामांना फारसं दिसत नव्हतं.

पुढच्या सोमवारी पियुष पुण्याला रुजू झाला. ऑफिसनं त्याला नवा लॅपटॉप दिला. त्यात लिनक्स नव्हतं, आणि टाकायला परवानगीही नव्हती.