टाचेतली शिट्टी

आमचं दुकान लहान मुलांच्या बुटांचं, आणि गल्लीत मूल औषधालासुद्धा उरलेलं नाही. समोरच्या बालवाडीत आता गुडघ्यांचा डॉक्टर बसतो. हाताखाली माणूस शोधून शोधून थकलो. साठी ओलांडलेला मीच इथला तरणाबांड गडी. लेकीला नातवंडाचं विचारलं, तर तिने मांजर पाळलं.

म्हाताऱ्यांचे बूट करू या, असं मी बाबांच्या मागे लागलो होतो. दुकान त्यांनी उभं केलेलं, शिवणारा हात अजूनही त्यांचाच. पोरं येतील, असं म्हणत ते रोज सकाळी काचेतले इवलेसे बूट पुसून ठेवत. पोरं काय आभाळातून पडणार होती? शेवटी दुकानाला टाळं लावतो म्हणालो, तेव्हा कुठे बाबा गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांचे बूट शिवायला तयार झाले.

मास्तरांनी बूट चढवले, एक पाऊल टाकलं आणि बुटातून पीं असा आवाज आला. बाबांनी जन्मभर प्रत्येक टाचेत शिट्टी बसवलेली. हाताने सवयीने इथेही बसवली. मोठ्यांचं पहिलंच गिऱ्हाईक आणि ही शोभा! मास्तरांना कमी ऐकू येतं, ते खुशीत पींपीं करत निघून गेले. मी बाबांना नाही नाही ते बोललो. त्यांनी दाभण खाली ठेवलं आणि काचेतले इवलेसे बूट पुसायला घेतले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांची बायको दारात हजर. आता बूट परत येणार आणि दुकान बुडणार, असं धरून मी माफीसाठी तोंड उघडलं.

"शिट्टी काढू नका हो," ती म्हणाली. "हे सारखे त्या बंद पडलेल्या शाळेकडे निघून जातात. काल आवाज आला म्हणून आमच्या फाटकातच सापडले. माझ्या भावालाही एक जोड करून द्या."

मग काय, ज्यांच्या घरी कुणी विसरभोळं होतं ते सगळे आले. आता गल्लीत दिवसभर पींपीं चालते. दुकान तरलं, आणि मी बाबांपुढे कान धरले.

एका गोष्टीचं मात्र मला फार वाईट वाटतं. दारात शिट्टी वाजली की बाबा हातातलं काम टाकतात आणि हसऱ्या तोंडाने आधी खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर बघतात. मग नजर सावकाश वर नेत पांढऱ्या केसांपर्यंत पोचतात.

"या, बसा," म्हणतात.