‘तयार’ म्हणजे काय

ऑफिसात तिला सगळे मिरची म्हणत, आणि ते नाव तिने मेहनतीने कमावलं होतं. त्या सकाळी मात्र भिंतीवरचा आकडा पाहून ती चक्क गप्प झाली. तिला ओळखणाऱ्यांनी लगेच आपापल्या खुर्च्या मागे घेतल्या.

भिंतीवरच्या पडद्यावर लिहिलं होतं १.८ सेकंद. काल संध्याकाळी तिथे नऊ होते.

रुग्णवाहिकेसाठी जिथे फोन येतात, त्या फोनकक्षाला ही मंडळी व्हर्च्युअल मशीनं पुरवत. म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारी बरीच छोटी मशीनं, प्रत्येक जण आपापल्या संसारात. फोन उचलणाऱ्या प्रत्येकासमोरचा पडदा अशाच एका मशीनवर चाले. फोन कमी असले की त्यांना आहे त्या अवस्थेत डिस्कवर जपून झोपवायचं, फोन वाढले की उठवायचं. उठायला नऊ सेकंद लागत. नऊ सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने घरातलं माणूस छाती धरून पडलेलं असताना फोन कानाला लावावा आणि नऊपर्यंत मोजावं.

मिरची तीन आठवडे या नऊच्या मागे हात धुऊन लागली होती. उठताना मशीन आपली सगळी मेमरी डिस्कवरून ओढत बसे. खरं तर पहिल्या क्षणी त्याला त्यातली थोडीच पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, लागतात. झोपेतून उठलेला माणूस चष्मा आणि चपला शोधतो, माळ्यावरची ट्रंक काढत नाही. तिने मशीन उठल्याउठल्या कोणत्या पानांना हात लावतं त्याची यादी केली, तेवढ्यांचा एक गठ्ठा बांधला. आधी गठ्ठा आणायचा, बाकीचं सामान सावकाश. काम जमलं होतं, पण साहेबांनी ते अजून चालू करू दिलं नव्हतं. मग हा आकडा आला कुठून?

तिने कोड उघडला. मशीन उठलं की ‘तयार’ एवढा शब्द लिहिणारी एक ओळ त्यात होती. तो शब्द उमटला की घड्याळ थांबे आणि पुढचा फोन त्या मशीनकडे वळे. मशीनने पहिलं उत्तर दिल्यावर येणारी ही ओळ आता मेमरी आणायच्याही आधी येऊन बसली होती. मशीन आत घोरतंय आणि दारावर पाटी, तयार.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा धाकटा भाऊ असाच होता. कुठे आहेस विचारलं की म्हणायचा “निघालो”, आणि मागून नळाचा आवाज यायचा. पण भावाची वाट बघून कुणाचा जीव जात नव्हता.

“ही ओळ कुणी हलवली?”

शेजारच्या टेबलावरच्या होयबाने मान खाली घातली. साहेब म्हणतील ते खरं, म्हणून तो होयबा. “अगं, साहेबच म्हणाले. आज फोनकक्षाची माणसं येणार ना, त्यांना दोन सेकंदांच्या आत दाखवायचंय. करारावर सही झाली की ओळ परत जागेवर ठेवू.”

“दाखवायचंय की करायचंय? लाज आणलीयस का रे घरून, की तीही अजून डिस्कवरच आहे?”

साहेबांनी तिला केबिनमध्ये बसूसुद्धा दिलं नाही. “आकडा आलाय. आता तुझ्या त्या गठ्ठ्याची गरज नाही. उद्यापासून तू दुसऱ्या कामावर.”

“आकडा आलाय साहेब, मशीन कुठे आलंय?”

“त्यांनी आकडाच मागितला होता.”

अकरा वाजता फोनकक्षाचे प्रमुख आले. त्यांच्या मागून काकू आल्या. काकू बावीस वर्षं फोन उचलत होत्या. मिरची एकदा दिवसभर त्यांच्या शेजारी बसून काम बघून आली होती. साहेबांनी खुर्ची पुढे केली. काकू बसल्या नाहीत. त्यांनी डावा तळहात सगळ्यांसमोर धरला. त्यावर निळ्या पेनाने पत्ता लिहिलेला होता.

“सकाळी आठला तुमचं मशीन म्हणालं तयार, म्हणून फोन माझ्याकडे आला. समोर काळाकुट्ट पडदा. आधी निदान फोन बाहेर थांबायचा, दुसरीकडे जायचा. आज तो आत आला आणि मी आंधळी! बाई ओरडतेय, कागद कुठून आणू? हातावर लिहिलं. घामाने आकडा फिसकटला. नऊ की एक, कळेना. रुग्णवाहिकेला मी एक सांगितलं. घर नऊ नंबरचं होतं.”

“माणूस?” मिरचीने विचारलं.

“वाचला. शेजारीण नर्स होती म्हणून. तुमचे काही उपकार नाहीत.”

“काहीतरी तांत्रिक अडचण असेल,” साहेब म्हणाले. होयबाने मान डोलावली.

“अडचण नाही, लबाडी आहे!” मिरची ओरडली. तिने त्या ओळीचा सगळा इतिहास भिंतीवर उघडला. वर कालची नोंद, होयबाची. तिच्या खाली वर्षभरापूर्वीची आणखी एक. त्या नोंदीपुढे तिचं स्वतःचं नाव होतं.

ती विसरलीच होती. मुळात ‘तयार’ हा शब्द काकूंच्या पडद्यावर पहिलं अक्षर उमटल्यावर यायचा. तिनेच तो एक पायरी वर सरकवला होता आणि अकराचे नऊ झाले होते. तेव्हा तिला ती लबाडी वाटली नव्हती, सुधारणा वाटली होती. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. खालची नोंद अजून कुणी वाचली नव्हती. खिडकी बंद करायला एक बोट पुरलं असतं. तिला स्वतःचा इतका संताप आला की कान गरम झाले.

“खालचं पण वाचा,” ती म्हणाली. “ते नऊ कधीच नऊ नव्हते. अकरा होते. ती चोरी माझी.”

मग तिने ओळ उचलून मूळ जागी ठेवली आणि मशीन उठवून पाहिलं. भिंतीवर आलं ११.२. साहेब लालबुंद झाले. तिने गठ्ठा चालू केला. ३.४.

“तीन म्हणजे दोन नव्हे,” साहेब पुटपुटले.

“आणि आता तुमच्या या आकड्यावर मी का विश्वास ठेवू?” प्रमुखांनी तिला विचारलं.

“ठेवू नका. काकूंना बसवा. त्यांचं अक्षर उमटलं तरच घड्याळ थांबेल.”

काकू बसल्या. मशीन झोपवलं, परत उठवलं. पडदा काळा होता, आणि काकू शाई लागलेल्या हाताने नऊची कळ पुन्हा पुन्हा दाबत होत्या. मग पडद्यावर स्वच्छ, ठळक ९ उमटला आणि भिंतीवरचं घड्याळ ३.४ वर थांबलं.

काकूंनी मागे वळून पाहिलं. त्या हसल्या नाहीत.

“आता म्हण तयार,” त्या मिरचीला म्हणाल्या.