बाळंतिणीची तपासणी

"पोट घेऊन पेपरला बसू नकोस," नर्सिंग कॉलेजच्या पद्मा मॅडम म्हणाल्या होत्या. "रीतसर ड्रॉप घे. वर्ष गेलं तर जाऊ दे, नाव जायला नको."

मैत्रीने तेव्हा हसून मान हलवली होती. नर्सिंगचं शेवटचं वर्ष, पोट चांगलं वर आलेलं, आणि अंगात अशी उमेद की वॉर्डातल्या पेशंट बायकाच तिला म्हणायच्या, सिस्टर, तुम्ही बसा जरा. "मला काही होत नाही मॅडम," म्हणून ती पेपरला बसली आणि मिडवायफरीत, म्हणजे बाळंतपणाच्याच विषयात, नापास झाली. फेरपरीक्षा आली ती नेमकी मुलीच्या, इराच्या जन्मानंतर, सव्वा महिन्याच्या आत. तिच्या सासूबाई, तानुबाई, मूळच्या मावळातल्या. त्यांनी दारातच सांगितलं, "सव्वा महिना उंबऱ्याभाईर पाय न्हाई टाकायचा. आमच्यात न्हाई चालत." नवरा विक्की चाकणहून शिफ्ट करून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "आईचं बरोबर आहे. परीक्षा काय पळून जाते?"

परीक्षा गेली नाही, मैत्रीचं नाव गेलं. ड्रॉप घेतला असता तर परीक्षेला बसायच्या संधी शाबूत राहिल्या असत्या. न घेतल्यामुळे गैरहजेरीसुद्धा नापासातच धरली गेली. संधी संपल्या. कॉलेजने पटावरून नाव काढलं.

पिंपळे गुरवच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये ही बातमी जिन्यातून खाली उतरायला वेळ लागला नाही. खालच्या सुमनताई इराला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "स्वतः बाळंत झालीस आणि बाळंतपणातच नापास? अगं, उत्तरं पोटातच होती की तुझ्या." जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. मैत्रीही हसली. आपण हसतोय हे तिला गालांवरून कळलं.

तेव्हापासून असंच चाललं होतं. इरा रडली की ती उठायची, पाजायची, ढेकर काढायची, लंगोट बदलायची. हात कधी चुकले नाहीत. झोपलेल्या पोरीच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, पुन्हा पुन्हा बघायची. श्वास बोटाला जाणवला की बरं वाटायला हवं, पण तसं काही व्हायचं नाही. पुढच्या वेळी कधी बघायचं तेवढंच डोक्यात सुरू व्हायचं. पाहुणे म्हणायचे, किती सांभाळते हो पोरीला. ती म्हणायची, हो ना.

इरा पालथी पडायला लागली, रांगायला लागली, आणि मग एक दिवस पद्मा मॅडमचा फोन आला.

"नाव गेलेल्यांना कॉलेज एकदाच संधी देतं. यंदा तू आहेस आणि साधना. प्रॅक्टिकल घेणार, प्राचार्यबाईंच्या समोर. पास झालात तर खालच्या बॅचबरोबर बसायचं. नाही झालात तर पुन्हा दार उघडणार नाही. येतेस ना?"

"येते," मैत्री म्हणाली. यायचं होतं की नव्हतं हे तिला ठरवता आलं नाही. हो म्हणणं सोपं होतं.

साधना तिच्याच बॅचची, काळेवाडीची. तीही अशीच बाळंतपणात मागे पडलेली. मैत्रीने तिला मेसेज टाकला: तू येतेयस ना? उत्तर आलं नाही. बाळ इराहूनही लहान आहे, असेल कामात, म्हणून मैत्रीने सोडून दिलं.

प्रॅक्टिकलला बाळंतिणीची तपासणी येणार हे उघड होतं. छाती, पोट, टाके, रक्तस्राव, पाय, असं वरून खाली बघत यायचं आणि शेवटी बाईच्या मनाची विचारपूस करायची. सरावाला पेशंट हवा होता, म्हणून तानुबाई पलंगावर आडव्या झाल्या. इरा खाली चटईवर डबे वाजवत बसली होती.

"नमस्कार ताई, मी तुमची तपासणी करणार आहे. दूध व्यवस्थित येतंय का?"

"या वयात? इचारतीस काय गं, सरम."

"आई, पेशंटसारखं बोला ना."

"बरं बाई, येतंय. बादलीभर येतंय."

विक्की दारात चहा घेऊन उभा होता. "आई, रडू नको हां. नाहीतर नर्सबाई इंजेक्शन देतील."

"तुला द्यायला पायजे," तानुबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "जल्मलास तेव्हा आठ दिस मला झोप न्हाई दिली."

मैत्रीने पोट दाबून बघितलं, पाय दाबून बघितले, आणि शेवटचे प्रश्न नेहमीप्रमाणे एका दमात उरकले: झोप लागते का, रडू येतं का, बाळाशी बोलता का. तानुबाई सगळ्याला व्हय म्हणाल्या आणि भाजी जळतेय म्हणून उठल्या.

परीक्षेच्या दिवशी विक्कीने सकाळी तिला बाइकवरून सोडलं. गेटपाशी हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "ऐक. घरचं काही विचारलं तर म्हण सगळं नॉर्मल आहे. नवऱ्याचा सपोर्ट आहे म्हण. तब्येत ठणठणीत. जरा कुठे अडखळलीस तर म्हणतील हिला झेपायचं नाही."

"हो."

"आणि हसत जा राव जरा."

लॅबच्या बाहेर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर मैत्री बसली. दुसरी शेवटपर्यंत रिकामी राहिली. शिपायाने दोनदा साधनाचं नाव पुकारलं, मग खुर्ची उचलून आत नेली.

आत खाटेवर रबराची डमी. तिच्या अंगावर खरा गाऊन, शेजारी पाळण्यात रबराचंच बाळ. प्राचार्यबाई खुर्चीत बसल्या होत्या आणि पद्मा मॅडम खाटेच्या उशाशी. डमीच्या वतीने त्या बोलणार होत्या, नेहमीचीच पद्धत.

मैत्रीने हात धुतले, पडदा ओढला, डमीला नमस्कार करून स्वतःचं नाव सांगितलं. तपासणी सरळ होत गेली. प्राचार्यबाई मध्येच एकदा "बरं" म्हणाल्या. मैत्रीला ते ऐकू आलं, पण अंगावरून गेलं. भिंतीवरच्या तक्त्याचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता, ती तिकडेच बघत होती.

"झोप लागते का ताई?" शेवटचे प्रश्न आले.

"बाळ झोपलं की लागते," पद्मा मॅडम डमीच्या वतीने म्हणाल्या.

"रडू येतं का?"

"नाही."

"मनःस्थिती ठीक," मैत्री प्राचार्यबाईंकडे वळून म्हणाली. "तपासणी झाली मॅडम."

"थांब," पद्मा मॅडम म्हणाल्या. "रडू येत नाही म्हणाली म्हणून ठीक?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. मैत्रीने डमीकडे बघितलं. डमीचे डोळे उघडे होते आणि पापणी लवत नव्हती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसा. "काही बायकांना रडू येत नाही. बाळाचं सगळं वेळेवर करतात. पण बाळ रडलं की शेजारच्या घरातलं कुणी रडतंय असं वाटतं. लोक म्हणतात छान सांभाळते. म्हणून कुणी विचारत नाही. तिलाही वाटतं, चाललंय की."

प्राचार्यबाईंनी चष्मा काढला. "हे कुठे वाचलंस?"

खोटं बोलता आलं असतं. वॉर्डात पाहिलं म्हणायचं, की संपलं. विक्कीचं वाक्य जिभेवर आलं होतं: सगळं नॉर्मल आहे. तेवढं म्हटलं असतं तर जागा तिची होती.

"वाचलं नाही," मैत्री म्हणाली.

प्राचार्यबाईंनी चष्मा मांडीवर ठेवला. मग पद्मा मॅडमनी खाटेवरून पुढे वाकून विचारलं, "कधीपासून?"

"इरा झाल्यापासून."

आता गेलं, तिला वाटलं. वाटलं म्हणजे तिने नोंद घेतली, पेशंटच्या तापाची घ्यावी तशी. प्राचार्यबाई आणि मॅडम खिडकीपाशी जाऊन हलक्या आवाजात बोलल्या. परत आल्यावर प्राचार्यबाई म्हणाल्या, "तपासणी चांगली केलीस. पास आहेस. पण आधी फक्त थिअरीचे तास. आपल्या हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीत दाखवायचं, औषध सांगितलं तर घ्यायचं, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हाच वॉर्डात पाय ठेवायचा. यावेळी कुणाचं न ऐकता ठरवू नकोस."

"हो मॅडम."

आनंद व्हायला हवा होता. तो कुठे आहे ते तिने बाहेर येऊन जिन्यावर बसून बघितलं. सापडला नाही. भूक लागल्याचं मात्र कळलं, आणि हे बऱ्याच दिवसांनी कळत होतं.

घरी सांगितल्यावर विक्की म्हणाला, "ऍडमिशन झाली ना? मग ते डॉक्टरचं कशाला लावून घेतलंस मागे? लोक काय म्हणतील?" तानुबाईंनी इराला त्याच्या मांडीवर ठेवलं. "लोकं येत्यात का रातीला पोर घ्यायला? तू धर." आणि मैत्रीला म्हणाल्या, "जेव आधी."

जेवून झाल्यावर मैत्रीने साधनाला फोन लावला. सासूने उचलला. बाळ मस्त आहे, वजन वाढलंय, साधना झोपलीये. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला. बाळ हसायला लागलंय, साधना आंघोळीला गेलीये. तिसऱ्यांदा मैत्रीने आवाज घट्ट केला. "काकू, तिला उठवा. मी नर्स आहे, तिच्याशीच बोलायचंय." पलीकडे खरखर झाली, मग एक आवाज आला: "मी ठीक आहे गं."

तो आवाज मैत्रीच्या ओळखीचा होता. पिशवीत इराचं दूध भरून, तिला कडेवर घेऊन ती काळेवाडीच्या बसला उभी राहिली.

साधनाकडे ती गेली, पण प्रत्येकीकडे मैत्री पोचणार नाही. तुमच्या मजल्यावर, तुमच्या नात्यात कुणी अलीकडे बाळंत झाली असेल तर आज तिची खबर घ्या. बाळाचं विचारू नका, ते सगळेच विचारतात. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर तिच्या हातात द्यायला सांगा. ती ठीक आहे म्हणाली, तरी फोन ठेवू नका.